तीस मीटर डावीकडे

तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझं दुकान.
गेट पडलेलं, मालगाडी निघता निघत नव्हती,
तेवढ्यात भरमाण्णा हलगेकरांनी टवेरा माझ्या दारात घातली.
"नकाशा नवा घाल की बा.
ह्यात अजून बायपास नाही,
आणि जांबोटीच्या पुढं ही बया मला रानात नेते."

इंजिन चालू ठेवलं, कार्ड घातलं.
मधेच करंट तुटला तर पेटीचा दगड होतो,
म्हणून एसी बंद, टेप बंद,
आम्ही दोघं काचा खाली करून
तापत्या दुधावर नजर ठेवावी तसे टक्क्यांकडे बघत.
एकवीस. एकवीस. एकवीस. बावीस.

तोवर म्हटलं, रिसीव्हर कुठं आहे बघू.
काडेपेटीएवढा काळा ठोकळा, पोटाला लोहचुंबक.
त्याचं मागणं फार नसतं,
डोक्यावर उघडं आभाळ, त्यात चार उपग्रह, भागलं.
सापडला यल्लम्माच्या तसबिरीमागं,
भंडाऱ्याच्या पुडीखाली, पिवळाधमक,
आणि वर काचेला चांदीची फिल्म,
ऊन अडवणारी. आभाळही अडवणारी.

"कधीपासून इथं?"
"गाडी घेतल्यापासून. सात वर्षं.
म्हटलं देवीच्या पायाशी राहू दे."

सात वर्षं त्या ठोकळ्यानं
भिंतींवर आपटून आलेलं ऐकलं
आणि त्यावरून सांगितलं, गाडी कुठं आहे ते.
तीस मीटर डावीकडे.
म्हणजे उसात. म्हणजे मलप्रभेच्या पात्रात.
खानापुरात तर एकदा सरकारी दवाखान्याच्या छतावरनं.

भरमाण्णांनी कधी तक्रार केली नाही.
बया 'वळा' म्हणाली की
ते एक पानपट्टी जाऊ देत, मग वळत.
इथं वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही.
पाटीवर एक वाचायचं, तोंडानं दुसरं म्हणायचं,
आणि पोचायचं
बांधावरच्या कुणाच्या तरी बोटानं.

टपावर लावतो म्हटलं, तर
"चोर्ल्यात माकडं नेतील."
देवी हलवायची नाही, हे न बोलताच ठरलेलं.
मग उजव्या कोपऱ्यात फिल्मचा तळहाताएवढा चौकोन
ब्लेडनं कापून काढला,
वायर रबराखालनं घेतली, ठोकळा तिथं ठेवला.
मिनिटभरात नऊ उपग्रह.
बाण रस्त्यावर येऊन बसला, मधोमध,
पहिल्यांदाच.
भरमाण्णा बघतच राहिले.
"एवढ्या वरनं दिसतो होय मी?"

शंभर झाले. पेटी मेली, पुन्हा उठली,
भाषा कुठली म्हणाली.
कन्नड बाई, 'एडक्के तिरुगी', ओळखीची.
हिंदी बाई.
सगळ्यात खाली मराठी, नव्यानं आलेली,
ती 'कृपया डावीकडे वळा' इतकं शुद्ध बोलली
की अण्णांनी पाय आखडून घेतले,
शाळेत मास्तरीणबाई वर्गात आल्यागत.
"नको. नुसती शिट्टी ठेव."

तिसऱ्या दिवशी फोन.
शिट्टी वाजली, अण्णांनी सवयीनं पानपट्टी जाऊ दिली,
आणि लेकीच्या दाराऐवजी
पिठाच्या गिरणीत शिरले, प्रवाशांसकट.
दुसरं दुखणं जुन्या खुणांचं.
कणकुंबीच्या वाटेवर जेवायला थांबायचं जांभळाचं झाड
त्यांनी स्वतः नोंदवलेलं,
ते आता नकाशात ओढ्यात उभं.
"झाड बरोबर आहे," मी म्हणालो, "नोंद चुकीची होती."
पलीकडं बराच वेळ फक्त हॉर्न.

महिन्यानं गाडी ऑइलला आली.
आत डोकावलो.
चांदीतल्या त्या चौकोनाखाली
देवी येऊन बसलेली, कपाळावर ऊन.
ज्यांनी हलवायची नाही म्हटलं, त्यांनीच हलवलेली.
ठोकळा पुन्हा तिच्या मागं.

"उजेड चांगला येतो तिथं," अण्णा म्हणाले.
"आणि चुकतंय किती?"
"दहा-बारा मीटर."
बोनेट आपटून लावलं त्यांनी.
"तेवढं माझं मी बघतो."